पाच ते दहाची बेरीज

नांदेड,
१९ सप्टेंबर २०२४

ती. मामांना मंजुश्रीचा नमस्कार.

डबा पोहोचला. मामींना सांगा, शेंगदाण्याची चटणी वसतिगृहातल्या मुलींनी माझ्याआधीच संपवली. रिकाम्या डब्यात हे पत्र ठेवून सकाळच्या लातूर बसच्या कंडक्टरकाकांकडे देते आहे. फोन करणार होते. पण फोनवर सांगितलेला आकडा तुम्ही आकडाच मानत नाही.

काल आमची सी भाषेची पहिली प्रॅक्टिकल परीक्षा झाली. प्रश्न सोपा होता. संगणकाने आपल्याकडून दोन संख्या घ्यायच्या, पहिली आणि शेवटची, आणि पहिलीपासून शेवटचीपर्यंत सगळ्या लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून दाखवायची. एक ते दहाची बेरीज मी घरच्या अभ्यासात केली होती. पंचावन्न उत्तर आले, देवरे सरांनी सही केली. तोच प्रोग्राम थोडा बदलून काल आधी कागदावर आणि मग संगणकावर लिहिला. सरांनी पाच आणि दहा या संख्या दिल्या. उत्तर पंचेचाळीस यायला हवे, माझे आले एकेचाळीस.

मी काय लिहिले ते सांगते. बेरीज साठवायला एक जागा ठेवायची असते. तिला मी ‘सम’ नाव दिले आणि तिच्यात सुरुवातीला एक ठेवला. मग संगणकाला सांगितले, पहिल्या संख्येच्या पुढच्या संख्येपासून शेवटच्या संख्येपर्यंत एकेक संख्या घे आणि ‘सम’मध्ये मिळवत जा. कितीही वेळा वाचले तरी मला चूक दिसत नाही. दुसऱ्याच्या बेरजेतली चूक तुम्हाला लांबून दिसते, म्हणून तुम्हाला विचारते.

सरांनी माझा निकाल राखून ठेवला आहे. आईला सध्या काही सांगू नका. आणि तुम्ही नांदेडला येऊ नका.

तुमची,
मंजुश्री

* * *

लातूर,
२० सप्टेंबर २०२४

चि. मंजुश्री, तुला आशीर्वाद.

तुझे पत्र दुपारी मिळाले. दुकानात गिऱ्हाईक कमी होते, त्यामुळे कागद घेऊन बसलो. संगणकाविषयी मला काही कळत नाही. परंतु तू जे लिहिलेस ते मराठीत असल्यामुळे, यंत्राने जे केले तेच मी पेन्सिलीने करू शकलो.

पाच ते दहा : आधी एक, मग सहा, सात, आठ, नऊ, दहा. एकेचाळीस. तूट चारची. अकरा ते वीस करून पाहिले : उत्तर एकशे पंचेचाळीस येते, एकशे पंचावन्न यायला हवे. तूट दहाची. एक ते दहा केले, तर तूट नाही. म्हणजे जी पहिली संख्या असेल, तिच्याहून एकाने कमी इतकी तूट प्रत्येक वेळी पडते. याचा अर्थ एकच. पहिली संख्या कोणतीही असो, तू ती ‘एक’ धरतेस. ती खरोखरच एक असते तेव्हा उत्तर बरोबर येते. म्हणूनच घरच्या अभ्यासात तुझी चूक लपली आणि तुझ्या सरांच्या सहीखालून निसटली. ‘सम’मध्ये आरंभी शून्य ठेव आणि मिळवणे पहिल्याच संख्येपासून सुरू कर. उत्तर पंचेचाळीस येईल.

चूक सापडली. आता माझे दोन प्रश्न. शून्याच्या जागी एक ठेवावा, असे तुला का वाटले? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. उत्तर चुकले तर गुण कमी मिळतात. निकाल राखून ठेवत नाहीत. निकाल राखून ठेवतात तो संशय आल्यावर. शिवाय, न विचारता तू मला ‘येऊ नका’ असे लिहिले आहेस. तू कोणाचा प्रोग्राम पाहून लिहिलास काय? लिहिला असल्यास तसे कळव. लिहिला नसल्यास तेही कळव. अर्धवट कळवू नकोस.

मामी विचारते आहे, चटणी तिखट झाली होती का?

रेवणसिद्ध

* * *

नांदेड,
२२ सप्टेंबर २०२४

ती. मामांना नमस्कार.

मी कोणाचेही पाहून लिहिले नाही. तुमचे पत्र वाचून मी रडले, आणि मग मामींची चटणी खाऊन रडते आहे असे मुलींना सांगितले. मामींना सांगा, तिखट झाली होती.

जे लिहिले नव्हते ते आता लिहिते. माझ्या शेजारच्या संगणकावर माझी खोलीतली मैत्रीण आरती बसली होती. ती अर्धापूरची, घरची शेती आहे. तिचेही उत्तर एकेचाळीस आले. सरांनी दोघींचे कागद शेजारी ठेवले. नावे वेगळी, जागा वेगळ्या, पण चूक तीच : आधी एक ठेवायचा, आणि मिळवणे पहिलीच्या पुढच्या संख्येपासून सुरू करायचे. सर म्हणाले, “बरोबर उत्तर साठ मुलांचं सारखं येऊ शकतं. पण इतकी विचित्र चूक दोन डोक्यांत एकाच वेळी कशी येईल? वर्गात दुसऱ्या कुणीच हे केलेलं नाही. कोणी कोणाचं पाहिलं?”

मग आरती म्हणाली, “सर, मी न्हाई पाहिलं.” मी म्हणाले, “मीही नाही.” सर म्हणाले, “मग कागदांनी एकमेकांचं पाहिलं असेल.” वर्ग हसला. महिनाअखेरपर्यंत खरे सांगितले नाही तर दोघींनाही शून्य, आणि सत्रपरीक्षेला बसता येणार नाही. वर्ष जाईल, मामा.

आता तुम्हाला जे सांगते ते आईलाच काय, मामींनाही सांगू नका. माझा कागद लिहून झाल्यावर मी हात वर करून पाणी प्यायला गेले होते. कागद टेबलावर उघडा होता. मी पाहिले नाही हे मला माहीत आहे; मग उरले कोण? आरतीला मी तसे विचारले. ती म्हणाली, “तुला तसं वाटत असंल तर वाटू दे बापा.” तेव्हापासून आम्ही बोलत नाही. एका खोलीत राहतो. ती दिवा मालवताना विचारत नाही आणि मी सांगत नाही.

पण मामा, ती तसली मुलगी नाही. पहिल्या महिन्यात मला ताप आला होता तेव्हा तिने माझ्या वहीत सगळे तास लिहून ठेवले होते, माझ्यासारखे अक्षर काढून. सरांकडे जाऊन तिचे नाव घेतले की मी सुटते. अजून गेले नाही. दोन्ही बाजूंनी विचार केला की झोप लागत नाही.

शून्याच्या जागी एक का ठेवला, ते मला सांगता येत नाही. पहिले तर धरलेलेच असते ना? मोजायला सुरुवात दोनपासूनच होते, असेच मला वाटले. तुमचे पत्र वाचेपर्यंत त्यात काही चूक आहे असे वाटलेही नव्हते.

मंजुश्री

* * *

लातूर,
२४ सप्टेंबर २०२४

चि. मंजुश्री, तुला आशीर्वाद.

तुझ्यावर मी घेतलेला संशय मागे घेतो. प्रश्न विचारणे योग्य होते. ज्या शब्दांत विचारला ते योग्य नव्हते.

तुझ्या पत्रातील शेवटच्या चार ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. ‘मोजायला सुरुवात दोनपासूनच होते.’ हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखे वाटत होते, परंतु ते कुठले, ते आठवेना. काल दुपारी दुकानापुढे सोयाबीनची गाडी लागली. मलप्पा हमाल पोती उतरवत होता. त्याने पहिले पोते थप्पीवर टाकले आणि म्हणाला, “लाभ.” दुसरे टाकले, “दोन.” तिसरे टाकले, “तीन.” मी गादीवरून उठून बाहेर आलो. हा आवाज मी जन्मापासून ऐकतो आहे आणि म्हणूनच तो मला कधी ऐकू आला नव्हता.

मी त्याला विचारले, “मलप्पा, पहिल्या पोत्याला ‘एक’ का म्हणत नाहीस?”

तो पाठीवरचे पोते तसेच धरून माझ्याकडे बघत राहिला. “मालक, बरं न्हाई का तुम्हाला? ‘एक’ म्हणून पोतं टाकलं असतं तर तुमच्या वडलांनी मला त्याच पोत्यात भरून उदगीरला धाडलं असतं.”

वजनकाटा इलेक्ट्रॉनिक झाला, पावती संगणकावर निघू लागली, तरी आपल्या दुकानात धान्याचे पहिले माप ‘लाभ’ असते. बरकत राहावी म्हणून ‘एक’ हा शब्द उच्चारायचा नाही, पहिल्याला लाभ म्हणायचे आणि पुढे ‘दोन’ने चालायचे. तू आठ वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की त्याच थप्पीवर बसून गृहपाठ करत होतीस. ‘लाभ’ तू वेगळा धरलास, त्याची किंमत एक ठेवलीस आणि मोजणी पुढच्यापासून सुरू केलीस. पोत्यांच्या बाबतीत हे बिनचूक आहे, कारण पहिले पोते नेहमी एकच असते. संख्यांच्या बाबतीत पहिली संख्या पाच असू शकते. तुझी चूक तुझ्या घरातली आहे. ती कोणाच्या कागदावरून आलेली नाही.

आता आरतीविषयी. अर्धापूरच्या शेतकऱ्याच्या घरी ज्वारी मोजताना पहिल्या मापाला काय म्हणतात, हे मला ठाऊक नाही. आपल्यासारखेच म्हणत असतील, तर एकच विचित्र चूक दोन डोक्यांत कशी आली, या तुझ्या सरांच्या प्रश्नाला उत्तर मिळते. तसे म्हणत नसतील, तर उत्तर मिळत नाही. परंतु हे तू तिला विचारू नकोस, आणि या पत्रातील एक अक्षरही तिला सांगू नकोस. तू विचारलेस की तिचे उत्तर पढवलेले ठरेल आणि त्याची किंमत उरणार नाही. सोबत तुझ्या सरांच्या नावे बंद पाकीट आहे. ते न उघडता त्यांना दे.

महिनाअखेरपर्यंत कोणाचेही नाव घेऊ नकोस.

रेवणसिद्ध

* * *

लातूर,
२४ सप्टेंबर २०२४

श्री. देवरे सर यांस, सविनय नमस्कार.

आपल्या वर्गातील मंजुश्री ही माझी भाची. तिच्या आणि आरतीच्या प्रोग्राममधील समान चुकीविषयी एक निरीक्षण आपल्यापुढे ठेवण्याची परवानगी असावी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून लातूरला भुसार मालाचे दुकान चालवतो. आमच्याकडे मोजताना पहिल्यास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात आणि पुढे ‘दोन, तीन’ असे मोजतात. माझ्या भाचीने ‘लाभ’ची किंमत एक धरून मोजणी पुढील संख्येपासून सुरू केली, असे मला दिसते. आरतीच्या घरी हाच रिवाज असल्यास दोघींची चूक स्वतंत्रपणे घडलेली असू शकते. कृपया आरतीस कारण न सांगता काही मोजावयास लावावे आणि पहिल्यास ती काय म्हणते ते ऐकावे. तिला या पत्राची कल्पना नाही.

माझी भाची निर्दोष आहे एवढेच मला सिद्ध करायचे असते, तर मी हे पत्र लिहिले नसते. तिने केवळ दुसऱ्या मुलीचे नाव घेणे पुरेसे होते.

आपला,
रेवणसिद्ध

* * *

नांदेड,
२६ सप्टेंबर २०२४

मा. रेवणसिद्धजी, नमस्कार.

आपले पत्र मिळाले. माझे बालपण नाशिकच्या सदनिकेत गेले. धान्य पिशवीतून येते एवढेच मला माहीत होते. आपले स्पष्टीकरण मला आवडले आणि ते खरे ठरावे असे मनापासून वाटले. म्हणून आज प्रयोगशाळेत आरतीला कपाटातले की-बोर्ड मोठ्याने मोजायला सांगितले. ती म्हणाली, “एक, दोन, तीन, चार.” अगदी स्पष्ट. शंका राहू नये म्हणून खुर्च्याही मोजायला लावल्या. तेव्हाही “एक, दोन.” उलट तिनेच मला विचारले, “सर, काही हरवलंय का?”

तेव्हा आपले अनुमान टिकत नाही, हे खेदाने कळवावे लागते. आपल्याच तर्काने पाहिले, तर चूक मंजुश्रीच्या घरची ठरते आणि आरतीकडे ती मंजुश्रीच्या कागदावरून आली असे ठरते. मंजुश्रीला मी दोषमुक्त करू शकेन. आरतीला शून्य द्यावे लागेल. हे पत्र बंद करून मंजुश्रीकडेच देतो आहे. तिला यातले काही सांगितलेले नाही.

स्नेहांकित,
देवरे

* * *

लातूर,
२७ सप्टेंबर २०२४

श्री. देवरे सर यांस, सविनय नमस्कार.

आपण इतक्या तत्परतेने प्रयोग केलात, याबद्दल आभारी आहे. प्रयोगात दोष राहिला आणि तो माझ्यामुळे राहिला. ‘काही मोजावयास लावावे’ असे मी लिहिले. मी ‘धान्य’ असे लिहायला हवे होते.

‘लाभ’ हा शब्द धान्याच्या मापाला आहे. माझ्या दुकानात पोत्याला लाभ म्हणतात. परंतु त्याच दुकानातील खुर्च्या मी स्वतः ‘एक, दोन’ अशाच मोजीन. माणसे, पायऱ्या, नोटा, की-बोर्ड या कशालाच कोणी लाभ म्हणत नाही. माप भरून ओतायचे असेल तरच तो शब्द तोंडात येतो, आणि तेव्हा तो आल्याशिवाय राहत नाही.

आपल्या वसतिगृहात खानावळ असेलच. तेथे रोज तांदूळ मापाने मोजला जात असेल. एक वेळ आरतीच्या हातात ते माप द्यावे, ही विनंती. तेव्हाही तिने ‘एक’ म्हटले, तर मला पुढे काही म्हणायचे नाही.

माझी भाची सुटली असे आपण लिहिले आहे. मी तिचा मामा असल्यामुळे हे वाचून मला बरे वाटले. आणि तसे वाटले म्हणूनच हे दुसरे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्या मुलीचा मामा आपल्याला पत्र लिहीत नाही.

आपला,
रेवणसिद्ध

* * *

नांदेड,
३० सप्टेंबर २०२४

ती. मामांना मंजुश्रीचा नमस्कार.

सुटलो, मामा! दोघीही सुटलो. आधी हे वाचा आणि मामींना मोठ्याने वाचून दाखवा, मग पुढचे सावकाश वाचा.

काल रविवारी सकाळी देवरे सर खानावळीत आले. वसतिगृहाच्या मॅडम सोबत होत्या. स्वयंपाक करणाऱ्या कोंडाबाई तांदळाच्या पिंपाजवळ मापटे घेऊन बसल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, “कोंडाबाईंचा हात दुखतोय, आज मुलींनी तांदूळ मोजा.” कोंडाबाई म्हणाल्या, “माझा? कवा दुखला?” मॅडमनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी लगेच खांदा धरला, तोही डावा.

मला सरांनी व्हरांड्यात थांबायला सांगितले. दार उघडे होते. का थांबवले ते मला कळले होते. आधी सृष्टी नावाच्या मुलीला बोलावले. तिने माप भरले, ओतले आणि म्हणाली, “एक.” पाचपर्यंत मोजून ती गेली. मग आरती.

आरतीने माप पिंपात बुडवले, वर हाताने सारखे केले आणि परातीत ओतले. काहीच बोलली नाही. मामा, ती काहीच बोलली नाही! मग दुसरे माप ओतले आणि म्हणाली, “दोन.”

सर म्हणाले, “थांब. पहिलं मोजलं नाहीस.”

“मोजलं की, सर.”

“एक म्हणाली नाहीस.”

“धान्याला एक कशाला म्हणू? लाभ म्हणलं. हळू म्हणलं, तुम्ही होता म्हणून.”

सरांनी विचारले, “लाभ म्हणजे किती?”

“लाभ म्हंजे लाभ. त्याच्या पुढचं दोन.”

कोंडाबाई खांदा सोडून म्हणाल्या, “सर, तुमच्याकडं ‘एक’ म्हणत्यात व्हय तांदळाला? मंग पुरतो कसा?”

सर तिथेच तांदळाच्या पोत्यावर बसले आणि हसायला लागले. मॅडमनाही हसू आले. मला आत बोलावले. सर आम्हा दोघींना म्हणाले, “तुमची बेरीज चुकली आहे. पण चूक ज्याची त्याची आहे. मी तुम्हाला चोर म्हणालो, ती बेरीज माझी चुकली.” मग त्यांनी सांगितले की तुमच्या प्रोग्रामला जेवढे गुण पडायला हवेत तेवढेच पडतील, पण उद्या नव्या संख्या देऊन पुन्हा परीक्षा घेतो. आणि वर्गासमोर सांगेन की कोणी कोणाचे पाहिले नव्हते.

आज सकाळी त्यांनी ते सांगितले. आरती तोवर उभीच होती. ऐकून झाल्यावर खाली बसली आणि ओढणीने चेहरा पुसला.

परीक्षेला आरतीने सरांना सांगितले, “आम्हाला लांब लांब बसवा.” ती या टोकाला, मी त्या टोकाला. प्रश्न होता सात ते बाराची बेरीज, आणि मग सरांनी येऊन कोणत्याही दोन संख्या द्यायच्या. मी ‘सम’मध्ये शून्य ठेवले तेव्हा रिकामे माप ठेवल्यासारखे वाटले, पण ठेवले. सत्तावन्न आले. सर दुसऱ्या टोकाला गेले. मला तिथले काही दिसत नव्हते. मग सरांचा आवाज आला, “हं, सत्तावन्न. छान.” मामा, माझे उत्तर बरोबर आले तेव्हाही मला इतके हलके वाटले नव्हते.

बाहेर आल्यावर मी आरतीला म्हणाले, “माझं चुकलं.” ती म्हणाली, “हाव, चुकलंच.” आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन पुढे चालू लागली. आता हे पत्र मी लिहिते आहे तर ती खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते आहे, मलाही दोन ओळी लिहू दे. देते.

तुमची,
मंजुश्री

रेवणसिद्ध मामांना आरतीचा नमस्कार. तुमचं माझं काही नातं न्हाई, तरी मामाच म्हणते. मंजूनं आन् सरांनी सगळं सांगितलं. सरांनी मला की-बोर्ड मोजायला लावले तेव्हा मला वाटलं, सरांच्या डोक्याला काही झालं. की-बोर्डाला लाभ म्हणायला ती काय ज्वारी हाय का? हे तुम्हाला लातुरात बसून कळलं आणि त्यांना समोर उभं राहून कळंना. माझ्या वडलांना मी घरी काहीच सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. ते म्हणाले, त्या माणसाला केळीचा घड पाठव. उद्याच्या बसला पाठवते. पिकायला दोन दिवस लागतील, घाई करू नका.

मंजू आता माझ्याशी बोलून राहिली. लई बोलून राहिली. तुम्ही तिला जरा कळवा, मामा, रात्री दिवा मालवला की गप व्हायचं असतं.